बसलेल्या माणसाच्या उंचीवर

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मुख्य प्रशिक्षक, महिला बास्केटबॉल संघ, यांस

रविवार, ९ नोव्हेंबर रोजी सायंकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी, कॉलेजच्या जिममध्ये, माझ्या निरोपसमारंभात, हातात माईक आणि समोर दोनशे माणसं असताना आपण माझ्याबद्दल पुढील वाक्य उच्चारलंत: "या आमच्या कोच नाहीतच हो, या आमच्या आई आहेत."

वेळेबद्दल वाद घालू नये. आपल्या डोक्यावर स्कोअरबोर्डचं घड्याळ होतं आणि बोलणाऱ्यापेक्षा घड्याळाकडे बघायची मला जन्माची सवय आहे.

तक्रारीचं पत्र कसं लिहावं हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं गेलं. आधी तारीख, वेळ आणि जागा. मग घडलं ते. मग हवं ते. मध्ये रडगाणं नाही. ज्या सिस्टर हे शिकवत, त्याच झग्याला दोन सेफ्टी पिना लावून आम्हाला बास्केटबॉलही शिकवत, आणि दोन्हीकडे त्यांचं म्हणणं एकच असे: आधी पाय रोवा, मग वळा.

तर घडलं ते असं. आपलं वाक्य संपताच टाळ्या पडल्या. प्राचार्यांना तेवढंच हवं होतं. ते उठले आणि त्यांनी जाहीर केलं की नव्याने रंगवलेल्या जिमचं एक डिसेंबरला उद्घाटन होईल, तेव्हा चेंजिंग रूमच्या दारावर 'आईची खोली' अशी पाटी लागेल. आपण मान डोलावलीत. मी पाहिलं. त्यानंतर मला एक ॲप्रन देण्यात आला. त्यावर 'टीमची आई' असं छापलेलं आहे. मी शिंप्याची बायको आहे म्हणून सांगते, त्याची शिवणही वाकडी आहे.

मी ॲप्रन खुर्चीवर ठेवला, ह्यांना "चला" म्हटलं आणि चहाच्या आधीच निघाले. मागून कोणीतरी म्हणालं, "गहिवरल्या बिचाऱ्या." मी गहिवरले नव्हते. आणि बिचारी तर मी पाळण्यात होते तेव्हाही नव्हते.

आता आपण... जाऊ दे, तुला 'आपण' म्हणताना माझं पेन अडखळतं. सतरा वर्षांची होतीस तेव्हा मैदानात इतकी ओरडायचीस की मीच तुझं नाव टिटवी ठेवलं. तर टिटवी, नीट वाच.

कोच नाहीच म्हणजे काय? एकतीस वर्षं मी त्या बेंचवर काय करत होते, स्वेटर विणत होते? कर्नल मुख्य प्रशिक्षक होता (तो कर्नल नव्हता, चालायचा तसा), तेव्हा त्याला बचावाचा एकच प्रकार येत असे, तो म्हणजे "पळा!" समोरच्या टीमला कोपऱ्यात कोंडायची जी चाल अजून आपल्या कॉलेजच्या नावाने सांगितली जाते, ती मी ह्यांच्या कापायच्या टेबलावर बटणं मांडून बसवली. काळी बटणं आपली, पांढरी त्यांची. त्याच चालीवर करंडक आला. फोटोत कर्नल मधोमध उभा आहे आणि मी कडेला, टॉवेल धरून. कर्नलनंतर आला त्याला आपण पाहुणा म्हणायचो. दोन मोसम राहिला आणि तेवढ्यातही निघायची घाई. दोन्ही वेळा निवड समितीने मला सांगितलं, "बाई, सहायक म्हणून तुम्हाला तोड नाही." ऐकताना गोड वाटतं. घरी जाईपर्यंत तोंड कडू होतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी तुला निवडलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाही म्हणजे नाही.

नियमच असा आहे की बेंचवरच्या दोन प्रशिक्षकांपैकी एका वेळी एकानेच उभं राहायचं. एक उभा राहिला की दुसऱ्याला बसावंच लागतं. मी बसले. पण बसलेल्या माणसाला काही काम नसतं असं तूही समजतेस, हे मला रविवारी सहा पस्तीसला कळलं.

आणि हो, आमच्या कॉन्व्हेंटमध्येही एक मदर होत्या. सगळं कॉन्व्हेंट त्यांना चळचळा कापायचं आणि त्यांना कोणी पाण्याच्या बाटल्या भरायला लावत नसे. त्या अर्थाने म्हणाली असतीस तर मी विचार केला असता.

आम्हा दोघांना मूलबाळ नाही म्हणून तो शब्द मला लागला असं तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. तो विषयच नाही.

हवं ते: दारावर ती पाटी लागता कामा नये. 'कोच नाहीतच' हे जसं माईकवरून म्हणालीस तसंच माईकवरून मागे घ्यायचं. शनिवार, २२ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर हवं. फोन करू नकोस, उचलणार नाही.

सहायक प्रशिक्षक (निवृत्त)

ता. क. तुझी स्वतःची आई ठणठणीत आहे आणि पहिल्या रांगेत बसली होती. तिला काय वाटलं असेल? बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाली, "पोरगी तुम्हीच घेऊन जा, मला दुपारची झोप तरी मिळेल." हसत म्हणाली. पण तरी.


सोमवार, १७ नोव्हेंबर

मुख्य प्रशिक्षकबाईंना,

लेखी उत्तर म्हणजे कागदावर शाईने लिहिलेलं उत्तर. पेन ड्राइव्ह हे लेखी उत्तर नव्हे.

काल सकाळी दार उघडलं तर माझ्या जागी नेमलेले गृहस्थ उभे. तान्हं बाळ धरावं तसा छातीशी टॅबलेट.

"मॅडमनी पाठवलंय. गेल्या मॅचचा व्हिडिओ आहे."

"आणि उत्तर?"

"कसलं उत्तर?"

"म्हणजे तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

"एवढंच सांगितलं की द्या आणि पळा."

मी त्यांना पळू दिलं नाही, चहा दिला. माणूस भला आहे. दोन मुलांचा बाप आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत स्वतः खेळायचा. टॅबलेटवर त्यांनी मला दाखवलं की शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या मुली डावीकडून बास्केट मारायचं जवळजवळ सोडूनच देतात. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी "हं" म्हटलं, जणू मला ठाऊकच होतं.

व्हिडिओ बघायचा नाही असं मी ठरवलं होतं. ह्यांनी लावला. ह्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, कोणाचा युनिफॉर्म कसा बसलाय तेवढं बघतात. "सात नंबरच्या बगलेत ओढ बसतेय," म्हणाले. कापडाची ओढ नाही ती. पोरगी खांदा चोरतेय. डॉक्टरला दाखव, आणि तिने "काही नाही मॅडम" म्हटलं तर ऐकू नकोस. तूही असंच म्हणायचीस.

पाच नंबरचं बघ. बॉल हातात यायच्या आधीच ती उजव्या पायावर भार टाकते. ती कुठे जाणार हे समोरचीला आयतं कळतं. तिला भिंतीला पाठ लावून उभी कर आणि बॉल येईपर्यंत दोन्ही टाचा भिंतीला चिकटलेल्या हव्यात. आठवडाभर रोज. तुलाही मी असंच उभं केलं होतं. तू भिंतीला लाथ मारलीस आणि अंगठा सुजवून घेतलास.

कोपऱ्यात कोंडताना तिसरी मुलगी उशिरा पोचते, कारण ती बॉलकडे बघत बसते. तिला सांग, बॉल देणारीच्या पोटाकडे बघ. डोळे फसवतात, हात फसवतात, पोटाला फसवता येत नाही.

यातून भलता अर्थ काढू नकोस. हा समेट नव्हे. भांडण असलं तरी शेजाऱ्याचा उघडा राहिलेला नळ आपण बंद करतो, त्यातलं हे आहे.

आणि आता रेषेचं. त्या मॅचमध्ये तू तीन वेळा पुढे झेपावलीस आणि रेषेपाशी येऊन मागे रेललीस. दोनदा नशिबाने थांबलीस. तिसऱ्यांदा रेफरीने तुला बोट दाखवलं. नव्या गृहस्थांना तू जॅकेटचं सांगितलं नाहीस वाटतं?

मुख्य प्रशिक्षकाने बेंचपुढची रेषा ओलांडायची नसते. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा टेक्निकल, म्हणजे समोरच्यांना आयता एक फ्री थ्रो. हे मी तुला काय शिकवू? पण संतापलेल्या माणसाला रेषा दिसत नाही, म्हणून मागे बसलेल्याने त्याची शेपटी धरायची असते. कर्नलला मी पट्ट्याला धरायचे, बैलाला धरावं तसं. पाहुण्याला कधी धरावं लागलं नाही, तो उठायचाच नाही. तुझी पहिल्याच मोसमात दोन जॅकेटं फाटली, तेव्हा ह्यांनी वैतागून तिसऱ्याच्या आत, पाठीच्या खालच्या शिवणीला, जाड कॅनव्हासचा लूप शिवून दिला. माझ्या मुठीच्या मापाचा. "आता ओढा काय ओढायचं ते," म्हणाले.

तो लूप त्या गृहस्थांना दाखव. लाज कसली? तू उभी राहून अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षांत तू ती रेषा एकदाही पाहिलेली नाहीस. ओढ लागली की थांबायचं, एवढंच तुला माहीत. रेषा कुठे आहे ते माझ्या हाताला माहीत होतं.

मुदत तीच. शनिवार, पाच.

नळ बंद करणारी,
सहायक प्रशिक्षक (निवृत्त)


रविवार, २३ नोव्हेंबर

टिटवी,

मुदत काल पाच वाजता संपली. तेव्हा तू जिममध्ये मॅचवर होतीस. मला माहीत आहे, कारण मीही तिथेच होते.

तिकीट काढून गेले. सर्वांत वरच्या रांगेत, खांबाच्या मागे, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा. हे दारातून म्हणाले, "येताना बँकही लुटून ये."

आत शिरल्यावर मी आधी बेंचकडे पाहिलं. बेंच म्हणतात, असतात खुर्च्या. पहिली तुझी. दुसरी रिकामी. ते गृहस्थ तिसरीवर. मला वाटलं, कोणी पाणी आणायला गेलं असेल. मॅच सुरू झाली तरी दुसरी खुर्ची रिकामीच. तिच्यावर एक टॉवेल होता, तीन घड्या घालून, दुमड आतल्या बाजूला. टॉवेलची अशी घडी त्या जिममध्ये एकच बाई घालते आणि ती वर खांबामागे बसली होती.

पाच नंबरने टाचा उचलल्या नाहीत. तिसरी मुलगी पोटाकडे बघत होती. डावीकडूनही तीन बास्केट पडल्या; ते श्रेय टॅबलेटला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकदाच वाजवल्या.

पूर्वार्धात तुला ताकीद मिळाली होती. मग शेवटचं मिनिट. बरोबरी. आपल्या मुलीला सरळसरळ धक्का आणि रेफरीची शिट्टी उलटी. तू उठलीस. मी ते तुझं उठणं ओळखते, खांदे आधी जातात. तू धावलीस, रेषेपाशी आलीस आणि मागे रेललीस. ओळखीच्या भिंतीला टेकायला जावं तशी. भिंत नव्हती. तुझा तोल गेला, सावरायला तू पाऊल टाकलंस आणि ते पाऊल पलीकडे पडलं.

त्याच क्षणी माझ्या पुढ्यातून आवाज आला, "अहो बाई, सोडा! मी कुठे चाललोय?"

बघते तर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या कोटाची शेपटी माझ्या मुठीत. चांगली गच्च. बिचारे बसलेले होते, पॉपकॉर्न खात. अर्धं पॉपकॉर्न त्यांच्या बायकोच्या केसांत.

मी माफी मागितली. ते शिवण चाचपत म्हणाले, "त्या ओरडणाऱ्या बाई तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "मी त्यांची कोच."

"असं होय," ते म्हणाले. "मग बरोबर आहे."

बघ. कोटाला एक हिसका बसला तेवढ्यात अनोळखी माणसाला कळलं.

एका गुणाने हरलात. तो गुण त्या टेक्निकलचा. शिट्टी झाल्यावर तू रेफरीकडे बघितलं नाहीस, स्कोअरबोर्डकडे नाही. मागे वळून त्या खुर्चीकडे बघितलंस. मला वाटलं होतं तुझ्या चेहऱ्यावर राग असेल. तो असता तर बरं झालं असतं. मी खांबामागे आणखी सरकले.

आज सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा दूध उतू गेलं. ह्यांनी बराच वेळ सहन केलं आणि मग विचारलं, "एवढा काय वाईट होता गं तो शब्द?"

मी म्हटलं, "वाईट असता तर हसून सोडून दिला असता. आवडला, म्हणून तर राग आला."

हे तुला कळवायचं नव्हतं. पण लिहून गेले, आणि खाडाखोड केलेला कागद कॉन्व्हेंटमध्ये चालत नसे. तेव्हा आता पुढचंही वाच. तो शब्द माझ्या वाट्याला कधी येणार नाही हे मी आणि ह्यांनी फार पूर्वी, एका दवाखान्याच्या बाहेर, रिक्षा शोधता शोधता मान्य करून टाकलं. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आणि मग एके दिवशी तू तो माईकवरून दिलास आणि त्याच हाताने माझं काम काढून घेतलंस. एक द्यायचं म्हणून दुसरं काढून घ्यायलाच हवं होतं का? हा प्रश्न आहे. याचं उत्तर हवं.

बुधवार, संध्याकाळी पाच. शेवटची मुदत.

मॅडम


गुरुवार, २७ नोव्हेंबर

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

माझे बूट तू ओळखशील असं मला वाटलं नव्हतं.

काल पाचला थोडा अवकाश असताना मी दुकानात ह्यांना चहा द्यायला गेले होते, तेवढ्यात बाहेर तुझा आवाज आला आणि मी मापाच्या खोलीत शिरून पडदा ओढला. का, ते विचारू नकोस. एकतीस वर्षं मुलींना "समोर जा, तोंड चुकवू नका" असं ओरडून सांगितलेली बाई मी. पडदा वीतभर आखूड आहे. शिंप्याच्याच दुकानातला पडदा आखूड, आणि हे मी त्यांना लग्न झाल्यापासून सांगतेय.

"काका, जॅकेटचं अस्तर उसवलंय," तू म्हणालीस.

"ठेव. शनिवारच्या आत देतो."

"मॅडम आहेत?"

"नाहीत," हे म्हणाले, आणि खाकरले. ह्यांना अजूनही खोटं बोलता येत नाही. बोलले की खाकरतात.

"अच्छा. म्हणजे बूट एकटेच आलेत."

हे पुन्हा खाकरले. "दुरुस्तीला आलेत."

"शिंप्याकडे?"

यावर ह्यांनी मशीन सुरू केलं. सुईत दोरा नव्हता, मला आवाजावरून कळलं.

मग तू स्टूल ओढलंस आणि पडद्यासमोर बसलीस. तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते, कारण मी ऐकलं याची तुझ्याकडे नोंद असावी.

"बुटांनो," तू म्हणालीस, "मला लिहिता येत नाही, तुम्हाला माहितेय. परीक्षेआधी माझे निबंध कोण तपासून द्यायचं तेही माहितेय. तीन पत्रं आली. तीनदा कागद घेतला आणि 'प्रिय मॅडम'च्या पुढे गाडी गेली नाही. म्हणून व्हिडिओ पाठवला. म्हटलं, त्यावर तरी बोलतील.

"भाषण मी लिहून नेलं होतं. त्यात होतं, मी जिथे उभी आहे ती जागा यांची आहे. तिथपर्यंत आले आणि घसा बंद. समोर समिती, समोर प्राचार्य, समोर आई. ते बोलले असते तर पुढचं वाक्य एकच होतं, की मग तू तिथे का उभी आहेस? म्हणून मी दुसरं बोलले. तेही खरंच होतं. पण 'कोच नाहीतच' हे... हे मूर्खासारखं निघालं तोंडातून. टाळ्या पडल्या आणि मला पुढे बोलताच येईना."

ह्यांनी मशीन थांबवलं. "बुटांना सांगून काय उपयोग? बुटांना ऐकू येतं थोडंच."

"येतं काका. उजवा हलतोय."

हलत होता. मी थांबवायचा प्रयत्न केला होता.

मग ह्यांनी जॅकेट उलटं केलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "हा लूप काढू? आता लागणार नसेल तर."

पडद्यामागून मला फक्त तुझे बूट दिसत होते, आणि तुला माझे. मग तू म्हणालीस, "नको. अस्तर नवं घाला. लूप तोच राहू दे." आणि दारातून जाता जाता, "काका, 'आईची खोली' नको म्हणून मी प्राचार्यांना सांगून आलेय. ते म्हणाले, मग काय लिहायचं? पाटीवाल्याला मजकूर शुक्रवारी संध्याकाळी हवाय. बुटांना काही सुचलं तर कळवा."

मी बाहेर आले नाही. तू गेल्यावर ह्यांनी पडदा सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि हाताला लागलं ते कापड पुढे केलं. तुझ्या जॅकेटसाठी काढलेलं अस्तर होतं. चांगलं रेशमी. आता दुसरं कापावं लागेल.

तर बुटांना सुचलंय ते असं.

ते पद घेण्याआधी तू मला विचारायला आली होतीस. याच दुकानात. मी बॉबिन भरत होते. "घेऊ का, मॅडम?" म्हणालीस. मी मान वर न करता म्हटलं, "घे." मान का वर केली नाही ते तुला कळलं होतं, आणि तुला कळलंय हे मला कळलं होतं. त्यावर आपण आजवर एक शब्द बोललो नाही. आता बोलते, म्हणजे तुझा घसा मोकळा होईल. मला ती जागा हवी होती. तीनही वेळा हवी होती. पण ती जागा माझी आहे आणि तू तिच्यावर उसनी उभी आहेस, हे तुझ्या भाषणातलं वाक्य चूक होतं. गळालं ते बरं झालं. ती तुझी आहे, आणि ती समितीने दिली म्हणून नव्हे. मी 'घे' म्हटलं म्हणून. मी उगाच कोणाला घे म्हणत नाही, ह्यांना विचार.

आणि बसून मी जे केलं ते उभं राहायला न मिळाल्याचं दुःख नव्हतं. ते काम होतं. मला ते येत होतं आणि फार आवडत होतं. तुझ्या शेपटीला धरून बसले तेव्हा माझ्या हाताला तुझा संताप कळायचा, तुला कळायच्या आधी. किती द्यायचा, कुठे थांबवायचा. असं काम किती जणांना मिळतं?

पाटीचा मजकूर: माझं नाव. खाली 'सहायक प्रशिक्षक'. खाली वर्षं. बस्स. आई नाही, माउली नाही, मायेची सावली तर अजिबात नाही. आणि ती दारावर लावायची नाही. बेंचच्या मागच्या भिंतीवर, दुसऱ्या खुर्चीमागे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावायची. प्राचार्य म्हणतील, एवढ्या खाली दिसणार नाही. ज्याला वाचायचं असेल तो वाकेल.

माईकवर एकदाच बोलायचं आहे, उद्घाटनाला: "त्या दिवशी मी चुकीचं बोलले, या कोच आहेत." नववा शब्द काढायचा नाही.

खुर्चीवरचा टॉवेल आज उचल. मला बरं वाटलं, पण रिकाम्या खुर्चीला हात नसतात आणि शनिवारी हरलात तर मोसम संपला. ते गृहस्थ तिथे बसतील. त्यांना आज संध्याकाळी दुकानात पाठव. तू लूप तोच राहू दे म्हणालीस ते मी ऐकलं, पण तो माझ्या मुठीचा आहे आणि त्यांचा पंजा सुपाएवढा आहे. हे माप घेऊन मोठा करून देतील. त्यांना सांग, कधी ओढायचं ते टॅबलेटमध्ये सापडणार नाही. तुझ्या खांद्यांकडे बघायचं. खांदे आधी जातात.

आता तो शब्द. तो मी परत करत नाही. तुझ्या आईला काल फोन करून विचारलं, ती म्हणाली, "वापरा की, मला पुरून उरलाय." तेव्हा दुकानात म्हण, फोनवर म्हण, जिन्यात म्हण. लोकांत मॅडम. मैदानावर काहीही म्हणू नकोस, खेळाकडे बघ.

राहिलं उत्तर. ते अजूनही लेखीच हवं आहे. बुटांशी बोललेलं मी धरत नाही. उद्या, शुक्रवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत, स्वतःच्या हाताने, 'प्रिय मॅडम'च्या पुढे किमान तीन वाक्यं. अक्षर कसंही चालेल, तपासायला मी बसलेय. पोस्टावर माझा भरवसा नाही, तेव्हा स्वतः घेऊन ये. शनिवारच्या त्या टीममध्ये एक डावखुरी आहे. तिला कसं अडवायचं ते पत्रात सांगता येण्यासारखं नाही, त्याला टेबल लागतं. ह्यांनी ते रिकामं करून ठेवलंय. काळी आणि पांढरी बटणं मी वेगळी करून ठेवलीयत.

पाच म्हणजे पाच.

तुझी कोच